घरच्या घरी मोटारगाडी रंगविण्याची परंपरा : रंगरसायन, काटकसर आणि मालकाचे स्वातंत्र्य

प्रास्ताविक

मोटारगाडीचा इतिहास सामान्यतः इंजिन, कारखानदारी आणि रस्ते यांच्या अंगाने लिहिला जातो. गाडीच्या पत्र्यावरील रंगाकडे मात्र शोभेची बाब म्हणून पाहिले जाते. वास्तविक रंग हा पत्र्याचे गंजण्यापासून रक्षण करणारा थर आहे आणि पुष्कळदा तो यंत्राच्या आधी जीर्ण होतो. यंत्र धडधाकट पण रंग उडालेला, अशी जुनी गाडी पदरी असलेल्या मालकापुढे गेली शंभर वर्षे एकच प्रश्न उभा आहे : रंगाऱ्याला पैसे मोजावेत, की घराच्या आवारात स्वतःच हे काम करावे?

या प्रश्नाचे उत्तर मालकाच्या हौसेवर आणि हस्तकौशल्यावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहता ते उत्तर प्रामुख्याने रंग कसा वाळतो यावर ठरत आले आहे. काही रंग हवेतील प्राणवायू शोषून वाळतात, काही त्यांतील द्रावक उडून गेल्याने वाळतात, तर काही उष्णतेने वा दुसऱ्या रसायनाशी संयोग होऊन कठीण होतात. यांतील प्रत्येक प्रकाराने मालकाच्या हाती कधी साधने दिली, तर कधी ती काढून घेतली. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतरांचा मागोवा घेतला आहे. स्वतःची गाडी स्वतः रंगविण्याची प्रथा अमेरिकेत विशेष रुजल्यामुळे विवेचनाचा मुख्य भाग त्या देशाविषयी आहे. अखेरीस तुलनेसाठी मुंबईचा विचार केला आहे.

ब्रश आणि वार्निश

प्रारंभीच्या मोटारगाड्यांना घोडागाड्यांचाच रंग दिला जाई. जवसाच्या तेलाचे रंग आणि त्यांवर वार्निश यांचे अनेक हात ब्रशने द्यावयाचे, प्रत्येक हात वाळला की तो घासून सपाट करावयाचा, अशी ती पद्धत होती. तेल प्राणवायू शोषून सावकाश वाळत असल्याने एका गाडीचे काम कित्येक आठवडे चाले. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाला हा विलंब परवडणारा नव्हता. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून १९१४ ते १९२५ या काळात ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात बाहेर पडत असे. त्यामागील कारणांत काळ्या इनॅमलचा टिकाऊपणा, स्वस्ताई आणि उत्पादनाचा वेग यांचा समावेश होतो.

या रंगांना ऊन आणि पाऊस फार काळ मानवत नसे. थोड्याच वर्षांत चकाकी जाई व पोपडे निघत. मात्र कारखान्यात जे काम ब्रशने होत होते ते घरीही ब्रशने करता येत होते. म्हणूनच १९१० नंतरच्या दशकात अमेरिकी रंग कंपन्यांनी गाडीमालकांसाठी खास इनॅमलचे डबे बाजारात आणले. प्रॅट अँड लॅम्बर्ट या कंपनीचे ‘इफेक्टो’ हे त्याचे एक उदाहरण होय. गाडी धुवावी, घासावी, एक-दोन हात द्यावेत आणि धूळ न येईल अशा खोलीत ती वाळू द्यावी, एवढीच अपेक्षा असे. व्यावसायिक रंगारी आणि हौशी मालक यांच्यातील अंतर सफाईचे होते, साधनांचे नव्हते.

ड्युको आणि फवारणी

हे चित्र १९२० नंतरच्या दशकात पालटले. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोजचे उत्पादन अफाट वाढले होते. युद्ध संपल्यावर त्याचा नागरी उपयोग शोधला जाऊ लागला. ड्यू पाँट कंपनीच्या रसायनज्ञांनी त्यापासून पातळ पण रंगद्रव्याने समृद्ध असे लॅकर सिद्ध केले आणि जनरल मोटर्सच्या सहकार्याने ते ‘ड्युको’ या नावाने गाड्यांसाठी वापरात आणले. १९२४ च्या मॉडेलची निळी ‘ओकलंड’ गाडी या रंगात विक्रीस आली. हे लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळत असल्यामुळे आठवड्यांचे काम तासांवर आले. रंगांची विविधताही शक्य झाली. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या नेतृत्वाखाली ‘आर्ट अँड कलर’ विभाग स्थापन केला. गाडीचे रूप व रंग वारंवार बदलू लागले आणि गाडीचा रंग पाहून तिचे वय ओळखण्याची सवय समाजाला लागली. विटलेला रंग ही आता केवळ गंजाची सूचना राहिली नाही. ती मालकाच्या आर्थिक स्थितीचीही जाहिरात झाली.

लॅकर इतके झटपट वाळे की ब्रशच्या खुणा तशाच राहत. त्यामुळे फवारणी आवश्यक ठरली. स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर सर्वसामान्य घरात नव्हते, म्हणून प्रथमदर्शनी मालकाच्या हातून काम गेल्यासारखे वाटले. दुसऱ्या बाजूने पाहता लॅकर हौशी माणसाला क्षमाशील होते. ते चटकन वाळल्याने त्यावर धूळ बसण्यास अवधी मिळत नसे. ओघळ आला तर तो घासून काढता येई. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होत असल्याने दुरुस्तीचा सांधा दिसत नसे.

पूर्वतयारीची साधनेही याच काळात सुलभ झाली. मिनेसोटातील थ्री-एम कंपनीने १९२१ मध्ये पाण्यात भिजवून वापरावयाचा पॉलिश पेपर बाजारात आणला. त्यामुळे रंग घासताना उडणारी, बहुधा शिसेयुक्त अशी धूळ आटोक्यात आली. याच कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी गाड्यांना दुरंगी रंग देणाऱ्या कारागिरांची अडचण पाहिली. काचा व पट्टे झाकण्यासाठी डिंकाने चिकटवलेले कागद काढताना ताजा रंगही सोलून निघत असे. त्यावर उपाय म्हणून ड्रू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. ही दोन्ही साधने कारागिरांसाठी निर्माण झाली. परंतु ती स्वस्त व हाती धरण्याजोगी असल्याने घरोघरी पोहोचली.

काटकसरीचा काळ

फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी वापराच्या गाड्यांचे उत्पादन युद्धासाठी थांबविण्यात आले व १९४५ पर्यंत ते बंद राहिले. असलेली गाडीच टिकविणे हा एकमेव मार्ग उरला. युद्धोत्तर काळात नव्या गाड्या आल्या, तरी कामगार व तरुण वर्गाकडे जुन्याच गाड्या होत्या. या वर्गापुढे दोन पर्याय होते. पहिला स्वस्त व्यावसायिक रंगकामाचा. अर्ल शाइब यांनी १९३७ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू केलेला व्यवसाय अत्यल्प ठरावीक दरात कोणतीही गाडी रंगवून देण्याबद्दल पुढे देशभर प्रसिद्ध झाला. रंगकामाचा मोठा खर्च रंगाचा नसून मजुरीचा असतो. पोचे काढणे, लांबी भरणे, घासणे, झाकणे यांतच वेळ जातो. दर कमी ठेवावयाचा तर ही तयारी आखडती घ्यावी लागते. येथेच दुसऱ्या, म्हणजे स्वतः काम करण्याच्या पर्यायाचे आर्थिक मर्म आहे. मालक रंगावर फारसे पैसे वाचवीत नाही. तो स्वतःचे श्रम बिनमोल धरतो आणि कारागिराला न परवडणारा वेळ तयारीसाठी देतो.

१९४९ मध्ये इलिनॉय राज्यातील एडवर्ड सीमोर यांनी दाबाच्या डब्यातून रंग फवारण्याची युक्ती प्रत्यक्षात आणली. कॉम्प्रेसरविना फवारणी शक्य झाल्याने एखादे दार किंवा मडगार्ड घरी रंगविणे सोपे झाले. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सने ॲक्रिलिक लॅकर स्वीकारले. तेही द्रावक उडून वाळणारे असल्याने घरगुती कामाची परंपरा अखंड राहिली.

दोन घटकांचे रंग आणि श्वासाचा प्रश्न

१९८० नंतरच्या दशकात रंगाचा थर व त्यावर पारदर्शक थर अशी पद्धत सर्वत्र रूढ झाली. दुरुस्तीच्या कामात पारदर्शक थरासाठी हार्डनर मिसळावयाचे दोन घटकांचे रंग आले. त्यांची चकाकी व टिकाऊपणा लॅकरपेक्षा सरस होता. पण यांतील बहुतेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही रसायने असतात. त्यांची फवारणी श्वासावाटे शरीरात गेल्यास दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की नंतर अल्प मात्राही घातक ठरते. वासावरून धोका ओळखावा तर वास येण्यापूर्वीच सुरक्षित मर्यादा ओलांडली गेलेली असते. म्हणून व्यवसायात बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे मुखवटे व बंदिस्त स्प्रे बूथ वापरले जातात. साध्या कापडी मुखवट्यावर विसंबणे निरर्थक आहे. शिवाय घराला लागून असलेल्या गॅरेजमधील फवारा घरातील मुलांपर्यंतही पोहोचू शकतो.

कायद्याची भूमिका येथे उद्बोधक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ मध्ये वाहन दुरुस्तीच्या रंगांतील बाष्पनशील द्रावकांवर राष्ट्रीय मर्यादा घातली. २००८ मध्ये तिने विषारी धातुयुक्त रंगांची फवारणी करणाऱ्या व्यवसायांना प्रशिक्षित रंगारी, गाळणी असलेले बूथ आणि कमी उधळण करणाऱ्या गन बंधनकारक केल्या. मात्र हौस वा देखभाल म्हणून स्वतःची गाडी रंगविणाऱ्या व्यक्तीला या नियमातून वगळण्यात आले. या सवलतीने मालकाचे स्वातंत्र्य अबाधित राहिले. त्याच्या संरक्षणाची जबाबदारीही त्याच्याच शिरावर आली.

याच दशकात काही अमेरिकी मालकांनी जुना मार्ग नव्याने शोधला. साधे गंजरोधक इनॅमल पातळ करून ते स्पंजच्या रोलरने अनेक पातळ हातांत द्यावयाचे आणि मधून मधून पाणी लावून घासावयाचे, अशी ही पद्धत आहे. तिच्यात दिवस मोडतात व कारखान्याची सफाई येत नाही. परंतु फवारा नाही, हार्डनर नाही आणि खर्चही अल्प आहे. तत्त्वतः ही ब्रशच्या युगाकडे परतलेली वाट होय.

मुंबईचा संदर्भ

१९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट व पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. परवाना पद्धतीच्या काळात नवी गाडी दुर्मिळ असल्याने एकच गाडी दशकानुदशके वापरली जाई व पुनःपुन्हा रंगविली जाई. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अमेरिकेप्रमाणे येथेही काटकसर होती. पण मजुरी स्वस्त असल्याने मालकाने स्वतः ब्रश हाती घेण्याची प्रथा रुजली नाही. ‘डेंटिंग-पेंटिंग’च्या छोट्या गॅरेजांनी ते काम उचलले. ‘ड्युको’ हे व्यापारी नाव फवारलेल्या गुळगुळीत रंगाचे सामान्यनाम होऊन फर्निचरच्या व्यवसायातही रूढ झाले.

येथील कायद्याने रंगाकडे प्रामुख्याने ओळखीची खूण म्हणून पाहिले. गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ अन्वये ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. रंगाऱ्याच्या फुफ्फुसांचा प्रश्न या नियमांच्या कक्षेत येत नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची सर्वसाधारण व्याख्या यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या व किमान दहा कामगार असलेल्या जागेपासून सुरू होत असे. दोन-चार माणसांची गॅरेजे तिच्या बाहेर राहिली. तेथे नाकाला रुमाल बांधून फवारणी करणारा रंगारी हे नेहमीचेच दृश्य आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्वतःची वस्तू स्वतः दुरुस्त करण्याचे स्वातंत्र्य वस्तूच्या रसायनात आधीच ठरून गेलेले असते. ब्रशने देण्याचे इनॅमल आणि लॅकर यांनी ते दिले. दोन घटकांच्या रंगांनी ते आरोग्याच्या मोलावर देऊ केले. कमी खर्चातील रंगकामाचा हिशेब केवळ वाचलेल्या पैशांचा मांडला तर तो अपुरा राहतो. वाचलेल्या पैशांची किंमत अमेरिकेत गॅरेजमधील मालकाने आणि मुंबईत रस्त्याकडेच्या रंगाऱ्याने मोजली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात चकाकणाऱ्या पृष्ठभागाइतकीच ती मोजणाऱ्या माणसाचीही नोंद होणे आवश्यक आहे.