डाव्या कुशीतली कळ

कोविडच्या लाटांत ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या केसेस शेजारी ठेवल्या की साधारण हा क्रम दिसतो. रुग्ण कोणी एक नाही, घड्याळातल्या वेळाही मी घातलेल्या. मूत्रपिंड मात्र असंच जातं.

रात्री १०:०० – आजाराचा दहावा दिवस. ऑक्सिजन कमी लागतोय, घरच्यांना फोनवर धीर देऊन झालाय. पण विषाणूने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही दुखावलेलं असतं. झुरिकच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये हे एप्रिल २०२० मध्येच दाखवलं होतं. गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटावर इंजेक्शन चालू आहे. तरीही ती होते.

रात्री १:२० – डाव्या मूत्रपिंडाच्या धमनीत गुठळी अडकते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. आतल्या शाखांना मात्र पर्यायी वाट नसते.

१:३५ – डाव्या कुशीत असह्य कळ, उलटी. पीपीई किटमधली सिस्टर डॉक्टरांना कळवते. ‘मुतखडा असेल.’ डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं जातं. कळ जरा उतरते. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा या औषधाने आणखी आखडू शकतो.

पहाटे ४:०० – रक्ताविना पेशी मरू लागल्या आहेत. लघवी होतेय, कारण उजवं मूत्रपिंड काम करतंय. त्यामुळे कुणालाच घाई वाटत नाही.

सकाळी ८:०० – रक्ताचे रिपोर्ट. मला सगळ्यांत जास्त छळतो तो हा टप्पा. मूत्रपिंडाचा तुकडा मेला की एलडीएच, म्हणजे मरणाऱ्या पेशींतून रक्तात उतरणारं एन्झाइम, झपाट्याने चढतं. एरवी एवढ्यावरून अनुभवी डॉक्टरला शंका येते. पण कोविड वॉर्डात एलडीएच आधीपासूनच वाढलेलं, फुप्फुसांच्या खात्यावर टाकलेलं. कालचा आकडा आजच्या शेजारी ठेवून पाहिला तरच उडी दिसते. गुठळीची खूण देणाऱ्या डी-डायमरचंही तेच.

११:०० – सोनोग्राफी. खडा नाही, सूज नाही, ‘नॉर्मल’. डॉपलर करून रक्तप्रवाह पाहिलेला नाही. खडा नाही तर एवढी कळ कशाची, हे याच क्षणी कुणीतरी विचारायला हवं असतं.

दुपारी २:०० – मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, म्हणून सीटीसाठीचं कॉन्ट्रास्ट द्यायला सगळे कचरत होते. शेवटी सीटी होतो. उजळलेल्या मूत्रपिंडात पाचरीसारखा काळा भाग, कडेला बारीक पांढरी रेघ: वेष्टनाच्या वाहिन्यांनी तेवढंच वाचवलेलं. गुठळी रोखणारं हेपारिन पूर्ण मात्रेत सुरू होतं. मेलेला भाग त्याने परत येत नाही. उजव्या मूत्रपिंडासाठी ते द्यायचं.