संगणक-घटक परीक्षण
वैयक्तिक संगणकाच्या प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मेमरी, एसएसडी, पॉवर सप्लाय इत्यादी सुट्या भागांची मोजमापांवर आधारित तुलना. महाराष्ट्रात सुट्या भागांची जुनी बाजारपेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग); मुंबईतूनच निघालेल्या ‘डिजिट’ मासिकाने अशा चाचण्या भारतीय ग्राहकापर्यंत नेल्या.

चाचणीत एका वेळी एकच घटक बदलतात. ग्राफिक्स कार्ड तपासताना प्रोसेसर शक्य तितका वेगवान घेतात. प्रोसेसरची तुलना करताना खेळाचे रिझोल्यूशन उतरवतात, म्हणजे कार्डाचा अडसर राहत नाही. सरासरी फ्रेमसंख्या फसवी असते. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे प्रत्येकी सुमारे 16.7 मिलिसेकंद, मध्येच एखादी फ्रेम 50 मिलिसेकंद रेंगाळली तर खेळ अडखळतो, सरासरी मात्र जेमतेम हलते. म्हणून सर्वांत संथ 1 टक्का फ्रेमही नोंदवतात.

तापमानाचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. 22 अंशांच्या वातानुकूलित खोलीत 70 अंशांवर राहणारा प्रोसेसर औंध-आटपाडीसारख्या उष्ण भागाच्या उन्हाळ्यात, 38 अंशांच्या खोलीत, त्याच पंख्यावर साधारण 86 अंशांपर्यंत जातो. मर्यादा गाठताच तो स्वतःचा वेग कमी करतो. धूळ आणि विजेचा चढउतार हे परदेशी परीक्षणांत सहसा नसतातच.

सुट्या भागांऐवजी अख्ख्या महासंगणकांची तुलना मात्र रेषीय समीकरणे सोडवण्याचा वेग मोजणाऱ्या लिनपॅक चाचणीने होते. पुण्याचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर 2007 मध्ये तीत जगात चौथा ठरला.