जुन्नरचे शिलालेख आणि पाखरांची लिपी

जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील लेणी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असतील. तेथील एका लेखात धान्यविक्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात बुरूड आणि कासार यांच्या श्रेणी आढळतात. आम्हां संघटनेतल्या माणसांना हे लेख जवळचे वाटावेत, यात नवल नाही.

ते उतरवून घेणाऱ्या आरंभीच्या मंडळींत विल्यम हेन्री सायक्स हा लष्करी अधिकारी होता. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्यास नेमले. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. ब्राह्मी लिपी प्रिन्सेपने उलगडली ती १८३७ साली. म्हणजे सायक्सने उतरवलेली अक्षरे त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती!

याच फिरतीत त्याने पक्ष्यांचीही टिपणे केली आणि १८३२ साली यादी छापली. माळावरच्या एका चंडोलाला त्याने ‘देवा’ आणि हिवाळी पाहुण्या अशा एका इवल्याशा वटवट्याला ‘रामा’ हे नाव दिले. पुढे पंडितांनी या रामाला दुसऱ्याच वटवट्याची पोटजात ठरवले. रूप इतके सारखे, मग वेगळा हिशेब कशाला? हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याचा हक्क कोणी मानीत नाही, हे आम्ही कारखान्यांत नित्य पाहतो. पाखरांचेही तसेच. जी जात वेगळी मोजलीच नाही, ती घटली तरी कोणाला कळत नाही.

रामाच्या बाजूने साक्ष दिली ती त्याच्याच अंगातल्या लेखाने. प्राण्याच्या पेशीत डीएनए नावाचा धागा असतो. त्याचा सारा मजकूर चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातला एक तुकडा १९९९ साली ताडून पाहिला, आणि रामाला स्वतंत्र जात मानण्यास आधार मिळाला. पण ती एकच ओळ होती. २०१० साली झेब्रा फिंच या गाणाऱ्या पक्ष्याचा सबंध लेख, शंभर कोटींहून अधिक अक्षरांचा, प्रसिद्ध झाला. अशा सबंध लेखावरून दोन जाती केव्हा फुटल्या, पूर्वी त्यांची संख्या केवढी होती, याचा अंदाज बांधता येतो. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण माथ्यावरील गाणाऱ्या पक्ष्यांचा डीएनए तपासून रॉबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली पक्ष्यांची दोन नवी घराणी मांडली. त्या डोंगरांबाहेर ती कोठेच नाहीत.

आंबेगावच्या पश्चिमेचे भीमाशंकरचे रान १९८५ पासून अभयारण्य आहे. चंडोल मात्र राहतो उघड्या माळावर, आणि माळाला आपण ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. वाचता न येणारा लेखही फोडायचा नसतो, म्हणूनच त्या जुन्या श्रेणी आपल्याला भेटल्या. माळाच्या बाबतीतही एवढेच धोरण आपण ठेवावे, अशी आमची विनंती आहे.