वारा, धावपट्टी आणि माघार

भुईगावच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मंडळींना वाऱ्याबद्दल आम्ही काय सांगावे? पावसाळा लागला की वसईच्या कोळीवाड्यांत होड्या वर ओढल्या जातात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत सहसा कोणी समुद्रात जात नाही. त्या दिवसांत घरी बसलेल्या नाखव्याला कोणी भित्रा म्हणत नाही. आजचा आमचा विषय विमानांचा आहे, पण सुरुवात इथूनच करायला हवी.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. महिना बघा, ऑक्टोबर. पाऊस सरलेला. जुहूचे मैदान भरतीच्या पातळीखालचे, पावसाळ्यात तिथे नुसता चिखल. म्हणून पावसाळ्यात टाटांची विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवला जाई. जुहूला उतरायचे की नाही, हे ऋतूच ठरवत होता.

पुढे सांताक्रूझला पक्क्या धावपट्ट्या आल्या, उपकरणे आली, सेवा बारमाही झाली. वारा मात्र तोच राहिला. पूर्वी ऋतू घेत असे तो निर्णय आता वैमानिकाला काही सेकंदांत घ्यावा लागतो.

विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात. पंखांना हवेच्या तुलनेत वेग लागतो. वारा समोरून असला की जमिनीवरचा वेग कमी भरतो आणि थांबायला धावपट्टी कमी लागते. वारा पाठीमागून असला की उलट. आडवा असला तर वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे ठेवून खेकड्यासारखा तिरका येतो आणि चाके टेकता टेकता नाक सरळ करतो. ओढ असलेल्या पाण्यातून होडी काढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. हे सगळे सरावाने येते. अवघड असते ते न उतरता पुन्हा वर जाणे, ज्याला वैमानिक 'गो-अराउंड' म्हणतात.

७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ आठवा. दुबईहून आलेले विमान कोझिकोडला भर पावसात उतरत होते. वैमानिक होते कॅप्टन दीपक साठे, आपल्या महाराष्ट्राचे, हवाई दलात मुरलेले. पहिल्या खेपेला त्यांनी विमान वर नेले. दुसऱ्या खेपेला धावपट्टीच्या विरुद्ध टोकाकडून आले. आता वारा पाठीमागून होता, ताशी सुमारे २५ किलोमीटर. चाके टेकली तेव्हा जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे पडली होती. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटले होते, असे चौकशी अहवाल सांगतो. विमान टोकावरून खाली गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी तिथे पोहोचण्याची निकड होती, हेही अहवालात नोंदले आहे. एका माणसाला दोष देऊन मोकळे होता येत नाही, ते यासाठी.

ॲरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण दिले आहे. एरवी आपला माल कोणी समुद्रात टाकत नाही, पण जीव वाचवायला शहाणा माणूस टाकतो. वेळापत्रक, इंधन, प्रवाशांची नाराजी हा आजच्या वैमानिकाचा माल. तो टाकायची मुभा त्याला कोण देणार? कंपनीने तर द्यावीच. पण आपणही द्यायला हवी.

कारण आमचीच गोष्ट सांगतो. एका जुलैत मुंबईला येताना आमचे विमान दोनदा वर गेले आणि शेवटी अहमदाबादला उतरले. आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, त्या हवाई सुंदरीवर चांगलेच तापलो. व्याख्यान चुकले होते ना! त्या वैमानिकाचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले. ते आज, नाखव्यांच्या या किनाऱ्यावर मानतो.