ब्रिटनचा कौटुंबिक भेटीचा व्हिसा नाकारल्यास : मानवी हक्कांच्या आधारे अपील

मुलगी ब्रिटनमध्ये नोकरीस असावी, नातवाच्या स्नानसंस्कारासाठी यवतमाळच्या आजी-आजोबांनी व्हिसाचा अर्ज करावा आणि तो नाकारला जावा, अशा वेळी ‘आता अपील करता येईल काय?’ हा प्रश्न घरात उभा राहतो. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांसाठी त्याचे उत्तर येथे थोडक्यात देत आहोत.

पूर्वी ब्रिटनमधील जवळच्या आप्तांना भेटण्याचा व्हिसा नाकारल्यास संपूर्ण अपील करता येत असे. २५ जून २०१३ पासून हा हक्क काढून घेण्यात आला. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याचे बदल लागू झाल्यापासून, मानवी हक्कांचा दावा फेटाळला गेला असेल तरच अपील करता येते. म्हणून असा दावा असल्यास तो मूळ अर्जातच स्पष्ट शब्दांत मांडावा लागतो.

या दाव्याचा आधार म्हणजे युरोपीय मानवी हक्क कराराचे कलम ८. खासगी व कौटुंबिक जीवनाचा आदर राखला जावा, असे ते सांगते. मात्र त्याची कक्षा भेटीच्या व्हिसाबाबत अरुंद आहे. पती-पत्नी किंवा आईवडील व अज्ञान मूल यांच्यापलीकडील नात्यांत हे कलम क्वचितच लागू पडेल, असे तेथील वरिष्ठ न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये म्हटले. प्रौढ मुले व आईवडील यांच्यात नेहमीच्या मायेहून अधिक, म्हणजे अवलंबित्वाचे नाते दाखवावे लागते. आजी-आजोबांची ओढ कितीही खरी असली, तरी ती एकटी बहुधा पुरत नाही.

अपिलाचा हक्क असल्यास, ब्रिटनबाहेरील अर्जदाराने निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत प्रथम स्तर न्यायाधिकरणाकडे अपील दाखल करावयाचे असते. त्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

बहुतेकांसाठी नवा अर्ज हाच अधिक सरळ मार्ग ठरतो. नकारपत्रातील प्रत्येक कारणाला कागदपत्रांनिशी उत्तर द्यावे. सातबारा उतारा, कापूस विक्रीच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचे कागद, बँकेतील रकमेचा उगम, मुलीचे निमंत्रण व तिच्या वास्तव्याचा पुरावा, तसेच स्नानसंस्काराच्या तारखेबाबत तेथील धर्मगुरूंचे पत्र जोडावे. मराठी कागदपत्रांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवे. घरी परतण्याची कारणे, म्हणजे शेती, घर व कुटुंबातील इतर जबाबदाऱ्या, स्पष्ट लिहाव्यात.

पूर्वीचा नकार कधीही लपवू नये. खोटे कागद किंवा फसवणूक आढळल्यास दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. दलालाने भरलेला अर्जही वाचूनच त्यावर सही करावी, कारण त्यातील मजकुराची जबाबदारी अर्जदाराचीच असते.

पवित्र धर्मपीठाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत स्थलांतरित कामगारांच्या कुटुंबांनी एकत्र येण्याचा हक्क मान्य केला आहे. ही सनद ब्रिटिश न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरीही नातवाला भेटू पाहणारे आजी-आजोबा कोणावर उपकार मागत नाहीत, याचे स्मरण ती आपणा सर्वांना देते. नकार आल्यास खचून न जाता, सत्याची कास धरून, नीट तयारीने पुन्हा अर्ज करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.