पीकपाहणी : वहीपासून मोबाईलपर्यंत

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या रानात बाजरीबरोबर मटकी, हुलगा, तूर असं मिश्र पीक पेरायची रीत आहे. पाऊस कमी, त्याचा भरवसा त्याहून कमी. एक पीक गेलं तर दुसरं हाती लागावं, एवढाच त्यामागचा हिशेब. आज हे पीक सरकारदरबारी नोंदवायचं ते ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये. 15 ऑगस्ट 2021 ला ते राज्यभर सुरू झालं. शेतकऱ्यानं रानात उभं राहून फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. पण नोंदीची पद्धत बांधणाऱ्याच्या मनात एक आणि रानातल्या माणसाची गरज दुसरी, हा झगडा मोबाईलच्या कितीतरी आधीचा आहे.

1828 च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं पुणे भागातल्या जमिनींची पाहणी सुरू केली. इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात, जिथं अर्थशास्त्रज्ञ माल्थस शिकवत असे, तिथं तो शिकलेला. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा जमिनीच्या खंडाचा सिद्धांत डोक्यात पक्का. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल त्याचे 55 टक्के सरकारचे. कागदावर यापेक्षा न्याय्य काय असणार? इंदापुरात मात्र या आकारणीखाली रयत जमिनी टाकून निघून गेली.

1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी त्याच इंदापुरात नव्यानं कामाला लागले. त्यांनी मातीची जात आणि खोली पाहून प्रती लावल्या, दर उतरवले आणि 30 वर्षं ते वाढणार नाहीत अशी हमी दिली. पडलेली रानं पुन्हा वहितीला आली. मला त्यांचं मोल वाटतं ते या हमीसाठी. उद्या जमिनीचा सारा वाढेल ही रयतेची धास्ती त्यांनी पद्धतीतच हिशेबात धरली.

आटपाडी मात्र तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हे, औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या मुलखात होती. 1948 ला संस्थान विलीन झालं आणि इतर जिल्ह्यांसारखीच महसुली कागदपत्रं तिथंही आली. 1971 च्या नियमांनी ठरलेल्या गाव नमुना बारामध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदवहीत, मिश्र पिकाचा रकाना होता, घटक पिकं वेगळी लिहिता येत. बाजरीतल्या हुलग्याला त्या वहीत जागा होती. तक्रार असे ती तलाठ्यानं चावडीत बसून मागच्याच नोंदी उतरवल्याची.

दरम्यान नोंदीचा अर्थच उलटला. पूर्वी नोंद म्हणजे सारा. आता नोंद नसली तर पीकविमा, नुकसानभरपाई, सोसायटीचं कर्ज अडतं. ॲप बांधताना मात्र खोट्या नोंदीची धास्ती जास्त दिसते. 2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत जमिनीच्या गटाचा मध्यबिंदू आला. फोटो त्याच्यापासून लांबून काढला तर ॲप तसं सांगू लागलं. त्याच आवृत्तीत 48 तासांत चूक सुधारायची सोयही आली, शेतकऱ्याची स्वतःची नोंद ग्राह्य धरून तलाठ्यानं दहा टक्केच तपासायची असं ठरलं. या दोन गोष्टी मला सगळ्या ॲपमध्ये मोलाच्या वाटतात.

पुढची आवृत्ती राज्यभर सोडण्याआधी आटपाडीच्या एखाद्या रेंज नसलेल्या शिवारात, मिश्र पिकात, साधा स्मार्टफोन वापरणाऱ्या वयस्क खातेदाराच्या हातून पूर्ण नोंद करून पाहावी. तिथं ती अडली, तर दुरुस्ती ॲपमध्ये करावी.