परम आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर

पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 बनवला, तेव्हा नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची भानगडच नव्हती. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपलाच शेजारच्या चिपांशी बोलायला चार लिंक असायच्या. 1998 च्या परम 10000 मध्ये मात्र सन कंपनीचे सर्व्हर जोडून क्लस्टर केला. सर्व्हर आले, कार्डं आली, ड्रायव्हर आले. आणि ड्रायव्हर म्हटला की आवृत्त्या आल्याच!

पुढे 2003 मध्ये परम पद्म जगाच्या टॉप 500 यादीत 171 वा आला. हा आकडा सगळीकडे सापडतो. ड्रायव्हर कोणता होता, हे कोण लिहितो?

आपण वर्ध्यात बसून दूरच्या क्लस्टरवर लॉगिन करतो, यंत्र कधी दिसत नाही. माझा आलेख एका रात्रीत बदलला. दोन आठवडे मी स्वतःच्याच कोडला शिव्या घातल्या. शेवटी कळलं, देखभालीत काही नोडवर नवा ड्रायव्हर चढवला होता, बाकीच्यांवर जुनाच. समांतर गणनेत सगळे एकमेकांची वाट बघतात, त्यामुळे एक नोड मंद तर सगळेच मंद. जुनी आवृत्ती परत टाकायची तर नोड रांगेतून बाहेर काढा, चालू कामं संपू द्या, ड्रायव्हर बदला, दोन नोडमधला विलंब मोजा, मग परत घ्या. लिनक्सवर 'इथटूल -आय' आणि पुढे कार्डाचं नाव दिलं की आवृत्ती दिसते. प्रबंधात मी ती प्रत्येक आलेखाखाली लिहितोय.